टेस्ट ट्यूब बेबीचा इतिहास कोणाचा? कौरवांच्या घड्यांचा की केईएमच्या प्रयोगशाळेचा?

जानेवारी २०१९ मध्ये जालंधरला भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०६ वे अधिवेशन भरले होते. तिथे आंध्र विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनी जाहीरपणे सांगितले की शंभर कौरव हे मूलपेशी आणि टेस्ट ट्यूब तंत्रज्ञानातून जन्मले होते. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर प्रदेशच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी सीता ही टेस्ट ट्यूब बेबी असावी असे विधान केले होते. त्याही आधी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, खुद्द पंतप्रधानांनी मुंबईत एका रुग्णालयाच्या कार्यक्रमात डॉक्टरांसमोर कर्णाच्या जन्माचा दाखला दिला आणि महाभारतकाळी जनुकशास्त्र असले पाहिजे, असे सांगितले.

अशी विधाने आली की आपण काय करतो? हसतो. दोन-चार मीम पुढे पाठवतो. भक्तांची टिंगल करतो आणि विसरून जातो. आमचे म्हणणे असे की हसून हा विषय संपत नाही. कारण पुराणाच्या नावावर एखादा शोध लावला गेला की तीन गोष्टी गडप होतात. तो शोध प्रत्यक्षात कोणाच्या कष्टातून उभा राहिला हे गडप होते. या देशात तो लावणाऱ्याचे व्यवस्थेने काय केले हे गडप होते. आणि आज तो कोणाला मिळतो व कोणाला मिळत नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्नही गडप होतो. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे इतिहासात आहेत. म्हणून हा लेख.

आधी कथाच नीट वाचू

महाभारतातली कथा काय सांगते? गांधारी दोन वर्षे गरोदर राहिली, बाळंतपण होईना, तेव्हा तिने पोटावर आघात करून घेतला. त्यातून मांसाचा गोळा बाहेर आला. व्यासांनी त्या गोळ्याचे एकशे एक भाग करून ते तुपाने भरलेल्या घड्यांत ठेवले. त्यातून शंभर मुलगे आणि एक मुलगी, दुःशला, जन्माला आली.

आता आयव्हीएफ म्हणजे काय ते पाहू. 'इन व्हिट्रो' याचा अर्थ काचेत. बाईच्या बीजांडकोशातून पक्व बीज बाहेर काढायचे, पुरुषाच्या शुक्राणूंशी त्याचा संयोग शरीराबाहेर, काचेच्या बशीत घडवायचा आणि तयार झालेला काही दिवसांचा गर्भ परत गर्भाशयात सोडायचा. परीक्षानळीत बाळ वाढत नाही. नऊ महिने ते आईच्याच पोटात वाढते. म्हणजे या तंत्रात फलन बाहेर होते आणि वाढ आत होते. गांधारीच्या कथेत नेमके उलटे आहे. तिथे गर्भधारणा आत होते आणि वाढ बाहेर, घड्यात. म्हणजे कथा शब्दशः खरी मानली तरी ते आयव्हीएफ ठरत नाही! जे लोक हा दावा करतात त्यांनी ना आयव्हीएफ समजून घेतले, ना स्वतःचे महाभारत नीट वाचले.

दुसरी गोष्ट. तंत्रज्ञान एकटे कधीच येत नाही. शुक्राणू आणि बीज डोळ्यांना दिसायला सूक्ष्मदर्शक लागतो. बीज कधी पिकते हे कळायला संप्रेरकांचे ज्ञान लागते. गर्भ शरीराबाहेर जिवंत राहायला क्षारांचे मोजून-मापून केलेले द्रावण लागते आणि ३७ अंश तापमान राखणारी पेटी लागते. यातली एकही वस्तू, एकही नोंद, एकही अयशस्वी प्रयोग त्या कथेत नाही. अयशस्वी प्रयोग नसणे हीच पुराणाची खूण आहे. ऋषीचा हात लागला की एकशे एकच्या एकशे एक घडे फळाला येतात. विज्ञानात असे होत नसते.

ओल्डहॅमच्या बायका

विज्ञानात कसे होते ते इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला पाहायला मिळते. ओल्डहॅम हे मँचेस्टरजवळचे कापड गिरण्यांचे गाव. तिथल्या सरकारी रुग्णालयात २५ जुलै १९७८ रोजी लुईझ ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तिच्या आईच्या, लेस्ली ब्राऊनच्या, गर्भनलिका बंद होत्या. वडील जॉन रेल्वेत कामाला होते. घर कामगाराचे.

यामागे तीन माणसे होती. रॉबर्ट एडवर्ड्स हे शास्त्रज्ञ, यॉर्कशायरच्या बॅटली या गिरणगावात कामगार कुटुंबात जन्मलेले. पॅट्रिक स्टेप्टो हे ओल्डहॅमचे स्त्रीरोगतज्ज्ञ. पोट न फाडता दुर्बिणीने आत पाहण्याच्या पद्धतीत त्यांचा हातखंडा होता. आणि तिसऱ्या जीन पर्डी. शिक्षणाने परिचारिका, पण प्रयोगशाळेतले गर्भ वाढवण्याचे, त्यांच्यावर रात्रंदिवस नजर ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते. १९६९ मध्ये मानवी बीजाचे शरीराबाहेर फलन झाल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर लुईझच्या जन्मापर्यंत नऊ वर्षे गेली. १९७१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने या कामाला अनुदान नाकारले. कारणे अनेक होती. सुरक्षिततेची शंका होती. पण त्यातले एक लक्षात ठेवण्यासारखे आहे. लोकसंख्या वाढत असताना जन्म रोखण्याचे संशोधन महत्त्वाचे, मूल न होणाऱ्यांवरच्या उपचारांना काय घाई, असा त्या वेळच्या धोरणाचा कल होता. हा मुद्दा आपल्याकडे परत येणार आहे.

या नऊ वर्षांत २८२ बायकांनी आपले शरीर या प्रयोगाला दिले. त्यातून जिवंत बाळे जन्मली फक्त दोन. म्हणजे २८० बायकांच्या हाती काहीच लागले नाही. यश मिळण्याची खात्री नाही हे माहीत असूनही त्या आल्या. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळाले, ते योग्यच होते. स्टेप्टो आणि पर्डी तोवर हयात नव्हते. पण पर्डी यांची गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. ओल्डहॅमला या कामगिरीची पाटी लावायचे ठरले तेव्हा एडवर्ड्स यांनी १९८१ मध्ये आरोग्य प्रशासनाला पत्र लिहून पर्डी यांचे नाव घालण्याचा आग्रह धरला होता. तरी पाटी लागली ती पर्डी यांच्या नावाशिवाय. तिन्ही नावे असलेली पाटी लागायला २०१५ उजाडले. एक बाई, त्यातही नर्स! ज्ञानाच्या पाटीवरून कष्टकऱ्याचे नाव कसे पुसले जाते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फरक इतकाच की तिथे पुसलेले नाव परत लिहिता येते, कारण पत्रे जपलेली असतात, नोंदी असतात. पुराणात नोंदवहीच नसते, मग नाव शोधणार कुठे?

कोलकात्याचा डॉक्टर

लुईझच्या जन्मानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात एक मुलगी जन्मली. जगाला ती 'दुर्गा' या नावाने माहीत झाली. हे काम डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे. सोबत सुनीत मुखर्जी आणि डॉ. सरोजकांती भट्टाचार्य. परदेशी पथकाचा पैसा नाही, तशी साधने नाहीत. आणि पद्धत मात्र काही बाबतींत ओल्डहॅमच्या पुढची. मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन एकाच पाळीत अनेक बीजे पिकवली. तयार झालेला गर्भ गोठवून ठेवला आणि ५३ दिवसांनी तो पूर्ववत करून गर्भाशयात सोडला. गोठवलेल्या गर्भापासून जन्मलेल्या बाळाची नोंद जगाने घेतली ती १९८४ मध्ये, ऑस्ट्रेलियात. आज जगभरच्या केंद्रांत हीच दोन तंत्रे रोज वापरली जातात.

मग आपल्या व्यवस्थेने या माणसाचे काय केले? पश्चिम बंगाल सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये चौकशी समिती नेमली. समितीचे प्रमुख रेडिओ-भौतिकशास्त्राचे! प्रजननशास्त्रातले संशोधन तपासायला त्या विषयाचा जाणकार शोधावा असे कोणाला वाटले नाही. समितीने दावा खोटा ठरवला. मुखोपाध्याय यांना जपानमधून निमंत्रण आले, त्यांना जायची परवानगी मिळाली नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत केली गेली. संप्रेरकांवर आयुष्य घातलेल्या माणसाला डोळ्यांच्या संस्थेत! १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हा यांचा 'एक डॉक्टर की मौत' हा १९९० चा चित्रपट याच शोकांतिकेवरून प्रेरित आहे.

काही साथी विचारतील, मुखोपाध्याय तर ब्राह्मण, त्यांची कैफियत आपण का मांडायची? प्रश्न आडनावाचा नाही. ज्ञान कोण देऊ शकतो आणि कोण देऊ शकत नाही हे पुरावा न पाहता पदावरून, अधिकारावरून ठरवण्याची जी सवय या समाजात मुरली आहे, ती प्रश्नाच्या मुळाशी आहे. या सवयीचा सर्वाधिक मार आपण खाल्ला आहे. म्हणूनच ती दुसऱ्या कोणावर चालवली गेली तरी आपल्याला ओळखू आली पाहिजे. हेही लक्षात घ्या की तेव्हा तिथे सरकार डाव्या आघाडीचे होते. विज्ञानाचे नाव घेणाऱ्यांच्या राज्यातही नोकरशाही पुरोहितासारखी वागू शकते.

आणखी एक गोष्ट. दुर्गाच्या आईवडिलांनी तेव्हा जाहीरपणे पुढे येण्याचे टाळले. लोक काय म्हणतील, घराण्याचे नाव काय होईल, ही भीती. मुलीने स्वतः, कनुप्रिया अग्रवाल या आपल्या खऱ्या नावाने, समाजापुढे येऊन ओळख दिली ती पंचवीस वर्षांनी. जो समाज टेस्ट ट्यूब बेबी आमच्या पुराणात होती म्हणून मिरवतो, त्याच समाजात खरी टेस्ट ट्यूब बेबी लपवून ठेवावी लागली!

परळ, ६ ऑगस्ट १९८६

आता आपल्या मुंबईत येऊ. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे संयुक्त काम. भारतातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचे नाव झाले.

जागा नीट पाहा. केईएम म्हणजे महापालिकेचे रुग्णालय. आजूबाजूला गिरणगाव. १९८२ च्या संपाने मोडून पडलेले लालबाग-परळ. ज्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आपली माणसे केसपेपर काढून रांगेत बसत होती, त्याच रुग्णालयात देशातले सर्वांत आधुनिक प्रजनन तंत्र यशस्वी झाले. सोबतची संशोधन संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे सरकारी. तिचा उगम १९५० च्या दशकातल्या गर्भनिरोधकांच्या चाचणी विभागात आहे. म्हणजे मूल रोखण्याचे संशोधन करणाऱ्या संस्थेनेच मूल होण्याचे विज्ञानही सिद्ध केले, आणि दोन्ही जनतेच्या पैशातून. आयव्हीएफ भारतात आले ते चकचकीत खासगी केंद्रातून आलेले नाही, हे आपल्या तरुणांनी पाठ करून ठेवावे.

या गोष्टीचा शेवट आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. १९९७ मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले असता मुखोपाध्याय यांची टिपणे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती वाचली, तपासली आणि जाहीरपणे लिहिले की भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी आमची नाही, ती मुखोपाध्याय यांची. ज्या मानावर स्वतःचे नाव कोरलेले होते तो मान त्यांनी कागदपत्रे पाहून स्वतःच्या हाताने उतरवला. कौरवांचे घडे मिरवणारे आणि आनंद कुमार यांच्यात हाच फरक आहे. एकाने पुरावा नसताना श्रेय ओढून घेतले, दुसऱ्याने पुरावा दिसताच श्रेय परत केले. वैज्ञानिक दृष्टिकोन हा शब्द संविधानाच्या ५१ अ या कलमात नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेला आहे. त्याचा अर्थ विचारला तर आम्ही हेच उदाहरण देऊ.

आपल्या बाईच्या वाट्याला काय आले?

केईएममधल्या त्या यशानंतर चित्र असे व्हायला हवे होते की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नाही तरी प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात वंध्यत्वाचा विभाग असेल. तसे झाले नाही. तंत्र सरकारी संस्थेत रुजले आणि त्याचे पीक बाजाराने कापले. आज शहरातल्या खासगी केंद्रात आयव्हीएफच्या एका फेरीला साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात. एका फेरीत यश मिळेलच असे नाही, बहुतेक जोडप्यांना मिळतही नाही. वय वाढेल तशी शक्यता घटते. आयुष्मान भारत योजनेतून वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. घरकाम करणाऱ्या, कंत्राटी सफाईचे काम करणाऱ्या बाईने हे पैसे आणायचे कुठून? दागिने मोडून, गटाचे कर्ज काढून एक फेरी करणारी आणि ती फसल्यावर हप्ते फेडत बसणारी जोडपी आम्ही कामाच्या निमित्ताने वस्त्यांमध्ये पाहतो. ज्यांना तेही जमत नाही ती भगताकडे, नवसाकडे, बाबाच्या अंगाऱ्याकडे जातात. मग आपण त्यांना अंधश्रद्धाळू म्हणतो. पण ज्याच्या तोंडावर दवाखान्याचे दार बंद असते तो दर्ग्याच्या किंवा देवीच्या दारात जाणारच.

याची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. गरजेचा कार्यक्रम होता. पण तो राबवला गेला तो गरिबाला जास्तीची मुले हा देशाचा आजार आहे, अशा नजरेने. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. नंतर पुरुष सुटले आणि सगळा भार बायकांवर आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची नसबंदी उरकली गेली आणि किमान १३ जणी दगावल्या. त्या कोण होत्या? गरीब, बहुतांश दलित, आदिवासी, मागासवर्गीय.

आणि आपल्या बीडमध्ये? ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचा प्रश्न गाजला, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी तपासणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तिशी-पस्तिशीतल्या बाया. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड. फडावर ना पाणी, ना आडोसा. अंगावरून जायला लागले की डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार आणि पिशवी काढून टाकणार.

आता ही दोन चित्रे शेजारी ठेवा. एकीकडे एका गर्भासाठी लाखो रुपयांचे तंत्र, दुसरीकडे न विचारता काढून टाकलेली हजारो गर्भाशये. एकाच देशात, एकाच राज्यात. कोणाचा गर्भ मौल्यवान आणि कोणाचा कचरा, हे इथे कोण ठरवते? जात आणि वर्ग ठरवतात. म्हणून आयव्हीएफ हा श्रीमंतांचा विषय, त्याच्याशी आपले काय देणेघेणे, असे जे साथी म्हणतात त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. गरीब बाईला मूल होत नाही अशी कल्पनाच व्यवस्थेला करता येत नाही. तिला जास्तच होतात, हे तिने गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात जननमार्गाचा क्षयरोग, उपचार न झालेला जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपात आणि बाळंतपण यांनी गर्भनलिका बंद होतात, आणि हे आजार गरिबीचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जाहीर केले की जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. यात श्रीमंत देश आणि गरीब देश असा मोठा फरक नाही. फरक उपचारात आहे.

१९३८ चा ठराव आणि जोतिरावांचे घर

या प्रश्नावर आपल्या परंपरेत दिशा आहे का? आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई कायदेमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागची भूमिका बाबासाहेबांची होती. ठराव मंजूर झाला नाही. त्याच्या चार वर्षे आधी र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरावरून खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. आणि १९२८ मध्ये, गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी या विधेयकाच्या बाजूने ते कायदेमंडळात बोलले होते.

या तिन्ही गोष्टी एकत्र वाचा. बाळंतपण नको असेल तर ते टाळण्याचे साधन, आणि बाळंतपण आले तर त्यासाठी रजा आणि पगार. दोन्हीच्या केंद्रस्थानी बाईचे शरीर, तिचे आरोग्य, तिचा निर्णय आहे. यावरून आम्ही निष्कर्ष काढतो की मूल नको म्हणण्याचा हक्क आणि मूल हवे म्हणण्याचा हक्क हे दोन हक्क नाहीत, ते एकच आहेत. हा निष्कर्ष आमचा आहे, तो आम्ही बाबासाहेबांच्या तोंडी घालत नाही. पण ज्यांना १९३८ च्या ठरावात फक्त लोकसंख्या नियंत्रण दिसते, त्यांनी तो अर्धाच वाचला आहे असे आम्हाला वाटते.

दुसरे उदाहरण महात्मा फुल्यांच्या घरातले. जोतिराव आणि सावित्रीमाईंना मूल झाले नाही. दुसरे लग्न करण्याचा आग्रह झाला तेव्हा, दोष पुरुषात असेल तर बायकोने दुसरा नवरा आणलेला चालेल का, असे जोतिरावांनी विचारल्याचे सांगितले जाते. मूल न होण्याच्या निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण असते हे आजचे विज्ञान सांगते. आणि बीजात एक शुक्राणू थेट सोडण्याचे, म्हणजे मुख्यतः पुरुषाच्या वंध्यत्वावरचे, तंत्र यशस्वी व्हायला १९९२ उजाडले. जोतिरावांना ते कळायला प्रयोगशाळा लागली नाही, न्यायबुद्धी पुरली. पुढे १८७४ मध्ये त्यांनी काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. तेव्हाच्या धर्मशास्त्रात दत्तक सजातीय असावा लागे. जोतिरावांनी रक्त आणि जात दोन्ही बाजूला सारून बापपण स्वीकारले. यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्याच दवाखान्यासाठी रुग्ण आणताना सावित्रीमाई गेल्या. आपल्या चळवळीच्या पहिल्या घराचा वंश असा आहे!

तंत्र नवे, रोग जुना

म्हणूनच आयव्हीएफची तरफदारी करताना आम्ही डोळे मिटून बसणार नाही. काचेच्या बशीला जात नसते, पण ती हातात घेणाऱ्याला असते. शुक्राणू किंवा बीजदाता आमच्याच जातीचा हवा, गोरा हवा, अशी मागणी करणारी जोडपी येतात हे या क्षेत्रातले डॉक्टरच वर्तमानपत्रांतून सांगत आले आहेत. १९५६ च्या दत्तक कायद्याने दत्तकासाठी जातीची अट उरली नाही. तीच अट आता मागच्या दाराने प्रयोगशाळेत शिरते आहे. रक्ताच्या शुद्धतेचा मनूचा आग्रह आणि दात्याच्या जातीची चौकशी यांत आम्हाला फरक दिसत नाही.

दुसरा धोका वंशाच्या दबावाचा. मूल हवे की नको हे बाईने ठरवायचे. सासरच्या टोमण्यांनी, बारशाला-डोहाळजेवणाला न बोलावण्याने, 'वांझोटी' या शिवीने ते ठरणार असेल तर आयव्हीएफ हा तिच्यासाठी हक्क नाही, शिक्षा आहे. इंजेक्शने तिलाच घ्यायची, बीजे तिच्याच शरीरातून काढायची, संप्रेरकांचा त्रास तिनेच सोसायचा. दोष नवऱ्यात असला तरीही. तिसरा धोका बीज विकणाऱ्या गरीब बाईचा. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने केंद्रांची नोंदणी सक्तीची केली, गर्भलिंग निवडीला बंदी घातली आणि बीजदात्री बाईने आयुष्यात एकदाच बीजदान करावे अशी मर्यादा घातली. कायदा आवश्यकच होता. पण या कायद्याने बाजाराला नियम लावले. गरीब बाईला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी मात्र कोणावर टाकली नाही.

मग मागायचे काय?

असे करता येते का? येते. गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, बांबोळीला, २०२३ पासून मोफत आयव्हीएफ सेवा सुरू झाली आहे. ज्या महाराष्ट्राच्या पालिका रुग्णालयात ३७ वर्षे आधी हे तंत्र यशस्वी झाले, तो महाराष्ट्र शेजारच्या छोट्या राज्याकडे पाहत बसला आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात वंध्यत्व विभाग हवा, आणि तपासणी नवरा-बायको दोघांची एकाच दिवशी व्हावी. उपचार आरोग्य योजनेत यावेत. जननमार्गाचा क्षयरोग आणि जंतुसंसर्ग वेळीच ओळखण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात हवी, कारण ज्या बाईची गर्भनलिका वाचेल तिला आयव्हीएफ लागणारच नाही. ऊसतोड बाईचे गर्भाशय काढण्याआधी सरकारी रुग्णालयात दुसरे मत सक्तीचे व्हावे, आणि फडावर पाणी, शौचालय व पाळीची रजा मिळावी. दात्याची जात विचारणे आणि सांगणे हा गुन्हा ठरावा. आणि ज्यांना हे काहीच नको, ज्यांना मूलच नको किंवा दत्तक हवे, त्यांचाही मान राहावा.

कार्यकर्त्यांना एक काम लगेच करता येईल. आपल्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात वंध्यत्वाच्या तपासणीची काय सोय आहे, वीर्यतपासणी होते का, स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद भरलेले आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. एका अर्जाला दहा रुपये लागतात. आलेली उत्तरे गोळा करा आणि आमदाराच्या टेबलावर ठेवा.

पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून सांगेल की हे सगळे आमच्याकडे पाच हजार वर्षांपूर्वी होते. तेव्हा हसू नका, भांडतही बसू नका. एवढेच विचारा: पाच हजार वर्षांपूर्वी होते ना, मग आज आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात का नाही?

जय भीम.